समजून घ्या : अमरावतीच्या सुरेश भटांनी आधी बाजाची पेटी गिरवली; त्यांचं गाणं कीबोर्डवर शिकताना ते का लक्षात ठेवायचं?

कीबोर्ड विकत आणला, यूट्यूबवर धडे सुरू केले, सा रे ग म बोटांत बसलं. आता पहिलं गाणं कोणतं? शिकणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न येतो. इंग्रजी धड्यांमध्ये याचं उत्तर ठरलेलं असतं. संथ लयीचं, चार कॉर्डवर चालणारं एखादं साधं पॉप गाणं घ्या आणि तेच महिनाभर वाजवा. मराठी शिकणाऱ्याला मात्र आपल्या कानावर पडलेलं गाणं हवं असतं. मग शोध सुरू होतो भावगीतांचा, आणि त्या शोधात एक नाव हमखास भेटतं. ते म्हणजे अमरावतीचे सुरेश भट.

भट कवी होते. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या चाली इतरांनी बांधल्या आणि आवाजही इतरांनी दिले. तरीही त्यांची ओळ वाचली की ती तालासकट कानात वाजते. चाल माहीत नसलेल्या माणसालाही ती गुणगुणावीशी वाटते. याचं कारण शोधायला गेलं, तर त्यांच्या कवितेच्या वहीआधी घरात आलेल्या एका वाद्यापाशी जावं लागतं. गझलसम्राट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने लहानपणी बाजाच्या पेटीवर बोटं फिरवली होती. अकोला-अमरावतीकडच्या ज्या घरांत आज कीबोर्ड आला आहे, तिथल्या शिकणाऱ्यांसाठी ही गोष्ट कामाची आहे.

थोडक्यात

- सुरेश भट यांचा जन्म १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत झाला आणि निधन १४ मार्च २००३ रोजी नागपुरात.
- अडीच वर्षांचे असताना पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू झाला.
- लहानपणी पेटी, गाणं, बासरी आणि पुढे तबला शिकले. वादक झाले नाहीत, पण लय कायम राहिली.
- ‘रूपगंधा’ (१९६१), ‘रंग माझा वेगळा’ (१९७४), ‘एल्गार’ (१९८३), ‘झंझावात’ (१९९४) आणि ‘सप्तरंग’ (२००२) हे त्यांचे काव्यसंग्रह.

पोलिओ झालेला मुलगा आणि व्यायामाचं वेड असलेलं शहर

भटांचे वडील डॉ. श्रीधर भट हे अमरावतीतले डॉक्टर. आई शांताबाईंना कवितेची मनापासून आवड. म्हणजे घरात एका बाजूला औषधांचा वास आणि दुसऱ्या बाजूला कविता. अशा डॉक्टरांच्याच घरात अडीच वर्षांच्या मुलाला पोलिओ झाला, आणि वडील डॉक्टर असूनही त्या काळी त्यावर इलाज नव्हता. पोलिओवरची पहिली लस अमेरिकेत १९५५ मध्ये वापरात आली. भारतातला शेवटचा रुग्ण तर २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. १९३४-३५ च्या अमरावतीत या आजारापुढे पालकांच्या हाती फारसं काहीच नव्हतं.

त्यातही अमरावती हे शरीर कमावणाऱ्यांचं गाव. १९१४ मध्ये सुरू झालेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलंच. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. तेव्हा सुरेश भट चार वर्षांचे होते. शहरातली पोरं मल्लखांबावर चढत असताना या मुलाचा एक पाय साथ देत नव्हता.

पण म्हणून तो घरात बसून राहिला, असं झालं नाही. भटांना व्यायामाची आणि खेळांची आवड होती आणि पायाची उणीव त्यांनी हातांच्या ताकदीने भरून काढली. ही जिद्द पुढे त्यांच्या लिखाणात सतत दिसते. त्यांच्या गझलेतला माणूस हरलेला असतो, एकटा असतो, पण वाकलेला नसतो.

घरात पेटी कशी आली?

डॉ. भटांना संगीताची गोडी होती. मुलाचा कान चांगला आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घरी बाजाची पेटी आणली. पेटीची प्राथमिक ओळख त्यांनी स्वतःच करून दिली. मुलगा खरंच रमतोय हे दिसल्यावर प्रल्हादबुवांना शिकवायला बोलावलं. पुढे भट अमरावतीच्या श्रीकृष्ण संगीत विद्यालयात जाऊ लागले. आजारपणात अंथरुणावर पडून असतानाही ते दोन-दोन तास गाणी म्हणत.

वडिलांनी उचललेलं पाऊल साधं होतं, पण नेमकं होतं. पेटी वाजवायला उभं राहावं लागत नाही, धावावं लागत नाही. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या, आणि मांडी घालून किंवा पाय पसरून बसायचं. ज्या मुलाला मैदानावर पाय अडवत होता, त्याला पेटीसमोर काहीच अडत नव्हतं.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. भट लहान असतानाच, १९४० मध्ये, ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. आक्षेप असा होता की पेटीचे सूर ठरलेल्या जागी पक्के बसवलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही आणि आपल्या रागसंगीतातल्या बारीक श्रुती त्या पट्ट्यांत मावत नाहीत. ही बंदी अंशतः उठायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे देशाचा रेडिओ ज्या वाद्याला दार बंद करत होता, ते वाद्य मराठी घराघरांत मात्र चालूच राहिलं. भजनी मंडळं, नाटकाची पदं, शाळेची स्नेहसंमेलनं यांचं पेटीवाचून पान हलत नव्हतं. सामान्य माणसाला सूर कळायला पेटीनेच शिकवलं.

पेटी आणि पियानो यांत काय सारखं, काय वेगळं?

पेटी युरोपातून आली. १९ व्या शतकात फ्रान्समध्ये पायाने हवा भरायचा हार्मोनियम तयार झाला. भारतात कोलकात्यात त्याला हाताचा भाता बसवला गेला आणि तो जमिनीवर बसून वाजवता येऊ लागला. पट्ट्यांची मांडणी मात्र तीच राहिली. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, एकूण १२. पियानो, कीबोर्ड आणि पेटी या तिघांनाही हे लागू आहे.

समजा तुम्ही ‘सी’ या पांढऱ्या पट्टीला सा मानलं. आपल्याकडे हिलाच पांढरी एक म्हणतात. मग पुढच्या पांढऱ्या पट्ट्यांवर शुद्ध रे, ग, म, प, ध, नी मिळतात. मधल्या काळ्यांवर कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी. लहानपणी पेटी शिकलेल्या माणसाला कीबोर्ड परका वाटत नाही, तो यामुळेच.

फरक आवाज तयार होण्यात आहे. पेटीत हवा पितळी पत्तीवरून जाते आणि भाता चालू आहे तोवर सूर चालू राहतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि सूर उमटल्या क्षणापासून विरायला लागतो. त्यामुळे पेटी गाण्यासारखी अखंड वाजते, तर पियानोवर सुरामागचं रिकामेपणही ऐकू येतं. संथ गाणं पियानोवर हळवं वाटतं, त्यात या विरण्याचा मोठा वाटा आहे. दुसरा फरक हातांचा. पेटीत एक हात भात्यावर अडकतो, पियानोत दोन्ही हात मोकळे असतात. म्हणून उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने कॉर्ड ही विभागणी तिथे शक्य होते.

बासरी कशासाठी? तबला कशासाठी?

भट पेटीवर थांबले नाहीत. गाण्यासाठी दमसास वाढावा म्हणून ते बासरी शिकले आणि शाळेच्या बँडपथकात बासरी वाजवत. तरुणपणी तबल्यावरही हात बसवला.

या तीन वाद्यांचा क्रम पाहा. पेटीने सुराची जागा दाखवली. बासरीने श्वास कुठे घ्यायचा आणि किती पुरवायचा हे शिकवलं. तबल्याने मात्रा मोजायला लावल्या. यातलं एकही वाद्य वाजवून भट प्रसिद्ध झाले नाहीत. पण सूर, श्वास आणि मात्रा या तीन गोष्टी कवितेच्या ओळीलाही लागतात. पुढे त्यांच्या ओळी गायकांना आणि संगीतकारांना जवळच्या वाटल्या, त्यामागे ही तयारी होती असं म्हणायला जागा आहे.

आई-वडिलांनी मुलाला एखादा छंद लावावा आणि त्यातून करिअर व्हायलाच हवं असं नाही, हे यातून दिसतं. डॉ. भटांनी आणलेल्या पेटीतून पेटीवादक घडला नाही. तरी ती पेटी वाया गेली नाही.

दोनदा नापास, मग शिक्षक, मग ‘रूपगंधा’

भटांचं शिक्षण अमरावतीतच झालं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ते दोनदा नापास झाले आणि १९५५ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली आणि अमरावतीच्या आसपासच्या गावांत शिकवलं. कविता लिहिणं सुरूच होतं.

वऱ्हाडच्या हवेत तेव्हा मराठीबरोबर उर्दूही होती, आजही आहे. अचलपूर ही एकेकाळची इमादशाहीची राजधानी. पुढे हा सगळा मुलूख दीर्घकाळ निजामाच्या अंमलाखाली होता. अमरावती, अकोला, बाळापूर, अचलपूर या गावांत उर्दू कानावर पडणं नवीन नव्हतं आणि मुशायरे हा इथला परिचित प्रकार होता. भटांनी उर्दू गझलेचा कसून अभ्यास केला. मराठीत गझलेचा प्रयत्न त्यांच्याआधी माधव ज्यूलियन यांनी केला होता. त्यांचा ‘गज्जलांजली’ हा संग्रह १९३३ चा, म्हणजे भट एक वर्षाचे असतानाचा. पण गझलेला मराठी बोलीचा बाज देणं आणि ती सामान्य श्रोत्याच्या ओठांवर आणणं हे काम भटांच्या हातून झालं.

१९६१ मध्ये पहिला संग्रह ‘रूपगंधा’ आला. त्याची एक प्रत संगीतकार हृदयनाथ मंगेशकर यांना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत सापडली आणि ते त्या कवितांच्या प्रेमात पडले, असा किस्सा नेहमी सांगितला जातो. किस्सा बाजूला ठेवला तरी पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ‘मेंदीच्या पानावर’ आणि ‘मालवून टाक दीप’ ही गाणी लता मंगेशकरांच्या आवाजात, तर ‘चांदण्यात फिरताना’, ‘तरुण आहे रात्र अजुनी’ आणि ‘केव्हातरी पहाटे’ ही आशा भोसले यांच्या आवाजात घरोघरी पोहोचली. या सगळ्यांचं संगीत हृदयनाथांचं.

सिनेमाही मागे राहिला नाही. जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये ‘उषःकाल होता होता’ आलं आणि ते राजकीय निराशेचं गाणं म्हणून लक्षात राहिलं. त्याच दिग्दर्शकाच्या, स्मिता पाटील यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) मध्ये ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ आलं. एक गाणं रस्त्यावरचा संताप सांगतं, दुसरं घरातल्या बाईचं एकटेपण. दोन्हींचा कवी एकच.

ओळ वाचताच ठेका का ऐकू येतो?

गझलेला काही पक्के नियम असतात. तिच्यातल्या प्रत्येक द्विपदीला शेर म्हणतात आणि प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असू शकतो. पहिल्या शेराला मतला म्हणतात. ओळीच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द किंवा शब्दसमूह म्हणजे रदीफ, आणि त्याच्या आधी जुळणारं यमक म्हणजे काफिया. या सगळ्याच्या मुळाशी असतं वृत्त. गझलेची प्रत्येक ओळ एकाच मापाची असावी लागते.

हे माप कसं मोजतात ते शाळेत शिकलेलं असतं, पण परीक्षेनंतर विसरलेलं असतं. ऱ्हस्व अक्षर म्हणजे लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर म्हणजे गुरू, त्याच्या दोन. लघुला ‘ल’ आणि गुरूला ‘गा’ म्हणायचं.

आता ‘सुन्या सुन्या मैफलीत माझ्या’ हे गाण्याचं नाव घ्या आणि मोजा. ‘सुन्या सुन्या मै’ या तुकड्यात लगालगागा येतं. ‘फलीत माझ्या’ या तुकड्यातही लगालगागा येतं. मात्रा मोजल्या तर एक, दोन, एक, दोन, दोन, म्हणजे प्रत्येक तुकड्यात आठ. गझलेच्या पूर्ण ओळीत असे चार तुकडे आहेत, म्हणजे ३२ मात्रा. कॉम्प्युटरवर एखादा पॅटर्न लूपमध्ये टाकावा तसा हा आकृतिबंध फिरत राहतो. आणि आठ मात्रांचा हिशेब तबल्यावर केरवा शिकलेल्या कुणालाही घरचा वाटेल.

संगीतकार चाल बांधताना अक्षरं लांबवतो, थांबतो, मध्ये जागा ठेवतो. त्यामुळे गाण्यात प्रत्येक वेळी हेच माप जसंच्या तसं ऐकू येत नाही. पण ओळीचा सांगाडा आतून पक्का असतो, म्हणून चाल कितीही फिरली तरी ती सुटत नाही. भट स्वतः मैफलींत आपल्या गझला सादर करत, तेव्हा ऐकणाऱ्यांना हा सांगाडा थेट जाणवे.

शिकलेलं वाटून टाकणारा कवी

भटांच्या आयुष्यातली ही बाजू शिकणाऱ्यांसाठी सर्वात महत्त्वाची. गझल लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. वृत्त, काफिया, रदीफ, शेर म्हणजे काय, चूक कुठे होते, हे त्यात सोप्या भाषेत सांगितलं. नव्या कवींना ते ती पाठवत आणि पत्रांतून त्यांच्या रचना तपासत.

आज ज्याला आपण ऑनलाइन कोर्स म्हणतो, त्याचं हे पोस्टाच्या तिकिटावर चालणारं रूप होतं. उस्तादाच्या घरी जाऊन बसायची सोय नसलेल्या, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलालाही गझलेचं व्याकरण हाती मिळू लागलं. भटांनंतर मराठीत गझल लिहिणाऱ्यांची एक मोठी फळी उभी राहिली, त्यात या बाराखडीचा वाटा मोठा आहे. गझल गाण्याची परंपराही याच मातीत वाढली. गझलनवाज भीमराव पांचाळे हे अमरावती जिल्ह्यातल्या आष्टगावचे.

लहानपणी प्रल्हादबुवा घरी आले होते. मोठेपणी भट पत्रातून दुसऱ्यांच्या घरी जात राहिले.

कीबोर्डवर भटांचं गाणं बसवायचं तर सुरुवात कुठून?

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हृदयनाथांच्या चाली ऐकायला जितक्या मऊ, तितक्याच वाजवायला आणि गायला कठीण असतात. त्यात मींड असते, वळणं असतात, अनपेक्षित कोमल सूर असतात. पहिल्याच महिन्यात पूर्ण गाणं हुबेहूब यावं ही अपेक्षा ठेवली, तर कीबोर्ड पलंगाखाली जायला वेळ लागत नाही. पण गाण्याचं साधं रूप कुणालाही वाजवता येतं. भट ज्या क्रमाने शिकले तोच क्रम इथे उपयोगी पडतो.

१. आधी तोंडाने म्हणा. कीबोर्डला हात लावण्याआधी मुखडा पाठ करा आणि गुणगुणा. जे गळ्यातून निघत नाही, ते बोटांतून निघत नाही. आवाज चांगला असण्याची गरज नाही, सूर ओळखता आला की पुरे.

२. मग टाळी द्या. लगालगागा हा तुकडा टाळीवर मोजा. मोबाइलवरच्या मेट्रोनोम अ‍ॅपमध्ये मिनिटाला ६० ठोके लावा. मग एकच पट्टी घ्या आणि तिच्यावर एक, दोन, एक, दोन, दोन अशा लांबीने सूर दाबा. चाल नाही, काही नाही, फक्त ठेका. पाच मिनिटं हे केलं की हात घाई करायचं सोडतो.

३. तुमचा सा ठरवा. मूळ गाणं ज्या पट्टीत आहे, त्यातच वाजवायची सक्ती नाही. सुरुवातीला पांढरी एक हा सा धरला तर सूर शोधणं सोपं जातं. गायकाला वेगळी पट्टी हवी असेल तर कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. पेटीवाले हेच काम सा सरकवून करतात.

४. फक्त मुखडा आणि एक अंतरा. गझलेत शेर बदलले तरी रदीफ परत येतो आणि त्याच्याबरोबर चालही मुखड्याकडे परत येते. पॉप गाण्यात कोरस जसा येतो तसाच हा प्रकार. मुखडा आणि एक अंतरा पक्का झाला की बहुतेक गाणं हाताखाली आलेलं असतं.

५. डावा हात गप्प ठेवायला शिका. इंग्रजी धड्यांतले चार कॉर्ड म्हणजे सी, जी, ए मायनर आणि एफ. आपल्या भाषेत अनुक्रमे सा-ग-प, प-नी-रे, ध-सा-ग आणि म-ध-सा. साध्या पॉप गाण्याला ते पुरतात, पण भावगीत कॉर्ड डोक्यात ठेवून बांधलेलं नसतं. गाण्यात कोमल ग आला की सा-ग-प हा कॉर्ड खटकतो, तिथे ग कोमल घ्यावा लागतो. शंका आली तर डाव्या हाताने फक्त सा आणि प धरून ठेवा. तानपुऱ्यासारखा आधार मिळतो आणि चाल मोकळी राहते.

६. श्वासाच्या जागी पेडल सोडा. सस्टेन पेडल दाबून ठेवलं की सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. गाणारा जिथे श्वास घेतो, तिथे पेडल सोडायचं आणि पुन्हा दाबायचं. बासरी शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी गाणं ऐकताना श्वासाच्या जागा पेन्सिलने खुणावल्या तरी चालतं.

आणि मींड? ती कीबोर्डच्या साध्या पट्ट्यांवर येत नाही, हा १९४० चा आक्षेप आजही खरा आहे. त्यावर पेटीवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे मधल्या सुरांना हलका, चटकन स्पर्श करत पुढे जाणं. कानाला घसरल्याचा भास होतो. तो जमायला वेळ लागतो, आणि जमेपर्यंत सरळ सूर वाजवण्यात काही कमीपणा नाही.

२००३ नंतर

भटांचं निधन १४ मार्च २००३ रोजी नागपुरात झालं. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध त्याच शहरात गेला होता. नागपूरच्या रेशीमबागेत त्यांच्या नावाचं मोठं सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं. आज तिथे नाटकं होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात.

पण त्यांच्या ओळींना चाल लागणं त्यांच्या निधनानंतरही थांबलं नाही. त्यांच्या मराठी भाषेवरच्या कवितेला संगीतकार कौशल इनामदार यांनी चाल दिली आणि २०१० मध्ये मराठी अभिमानगीत आलं. चारशेहून अधिक आवाज त्यात एकत्र गायले. आता शाळांच्या कार्यक्रमांत ते नेहमी ऐकू येतं. भटांनी लिहिलेली भीमवंदना दरवर्षी १४ एप्रिलला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वस्त्यावस्त्यांतून ऐकू येते. कवीचं नाव माहीत नसलेली माणसंही ती तोंडपाठ म्हणतात.

आज अकोल्यात किंवा अमरावतीत एखाद्या घरात नवा कीबोर्ड उघडला जातो, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो की याचा पुढे काय उपयोग. अभ्यासाचा वेळ जाईल का, पोरगं यात काही करून दाखवेल का, चाळिशीत शिकून आपल्याला आता काय मिळणार. डॉ. श्रीधर भटांनी पेटी घरी आणली, तेव्हा त्यांच्याकडेही याची उत्तरं नसणार. समोर एक आजारी मुलगा होता, त्याला सुरांची ओढ होती आणि संध्याकाळचे काही तास भरून काढायचे होते. तेवढ्या कारणासाठी पेटी आली आणि शिकणं सुरू झालं.

म्हणून पहिलं गाणं निवडताना फार विचार करू नका. मुखडा घ्या, टाळी द्या, एका पट्टीवर लगालगागा मोजा. रोज १५ मिनिटं पुरेत.